चूक झाली होती, दुरुस्त केली आहे

मराठवाड्यात संगणकाच्या आजारावर औषध एकच, फॉरमॅट मारणे. लॅपटॉप हळू चालायलाय, फॉरमॅट मारा. आवाज येत नाही, फॉरमॅट मारा. कीबोर्डावरचं एक बटण तुटून हरवलंय, तरी आधी फॉरमॅट मारून बघू, मग बटणाचं बघू. लातूरच्या गंजगोलाईपासून बार्शी रोडपर्यंत कुठल्याही दुकानात यंत्र घेऊन जा. काउंटरमागचा पोरगा ते उघडायच्या आधीच विचारतो, "डेटा महत्त्वाचा हाय का?" आपण 'हो' म्हणालो की तो उसासा टाकतो, 'नाही' म्हणालो की त्याचा चेहरा खुलतो. संध्याकाळी यंत्र कोरं होऊन परत येतं, चार-पाचशे रुपये जातात आणि विषय संपतो. काय बिघडलं होतं हे त्यालाही कळलेलं नसतं, आपल्यालाही. कुणी विचारतही नाही. अशी ही सुखी व्यवस्था माझ्या भाच्यानं मुरुडात मोडली. त्यानं लिनक्स टाकलं.

मुरुड कुठलं ते आधी सांगतो, नाहीतर वाचक लगेच मनात नारळाची झाडं लावतात. जंजिऱ्याचं मुरुड रायगडातलं. दापोलीजवळचं मुरुड महर्षी कर्व्यांचं. आमचं लातूर तालुक्यातलं, लातूर-बार्शी रस्त्यावरचं. इथून समुद्र बघायला निघालेल्या माणसाला आधी अख्खा सह्याद्री उतरावा लागतो. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर. आम्ही त्या मुलखातले. पण भाच्याच्या लॅपटॉपच्या पडद्यावर हवामान सांगणारी एक चौकट आहे आणि तिला 'मुरुड' एवढंच सांगितलं की ती कोकणात जाते. डिसेंबरात सकाळी इथं बोटं आखडलेली असतात आणि चौकट सांगते: दमट हवा, समुद्रावरून वारं. भाच्यानं ती मुद्दाम तशीच ठेवली आहे. गिऱ्हाइकाला वाचून जरा ऊब येते, म्हणतो.

भाच्याचं बसस्टँडजवळ ऑनलाइनचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, अतिवृष्टीचं अनुदान, नोकरीचे अर्ज, सगळं तिथं भरून मिळतं. मी निवृत्त मास्तर. रोज सकाळी त्याच्याकडं पेपर वाचायला बसतो आणि भरलेल्या अर्जांतलं शुद्धलेखन कुणी न सांगता तपासतो.

लिनक्स टाकायला कारण घडलं ते असं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची सेवा थांबवली. पुढचं विंडोज ११ घ्यायचं तर यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. भाच्याचा लॅपटॉप धडधाकट होता, पण जन्मसाल आडवं आलं. नवा घ्यावा तर चाळीस हजार. मुरुडात कुठलीही मोठी रक्कम शेवटी सोयाबीनमध्येच मोजतात. सोयाबीनचा त्या हंगामातला सरकारी हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये धरला तर लॅपटॉप साडेसात क्विंटलचा पडतो. बाजारात मिळेल त्या चार-साडेचार हजारांनी धरला तर नऊ-दहा क्विंटलचा. सप्टेंबरच्या पावसात उभी रानं पाण्याखाली गेली होती, त्यामुळं हा हिशेब दोन्ही बाजूंनी नुसता कागदावरच राहिला. भाचा म्हणाला, "मामा, लिनक्स फुकट हाय."

फुकट म्हटल्यावर गावात पहिली शंका येते की मग त्यात काहीतरी असणार. मला आली नाही, कारण मी लिनक्स पूर्वी पाहिलं होतं. २००५ पासून २०११ पर्यंत उबुंटू नावाचं लिनक्स वाटणारे मागेल त्याला टपालानं सीडी पाठवत, पोस्टेजही न घेता. आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्यानं त्या मागवल्या. परदेशातून पाकीट आलं म्हणून पोस्टमन ते देऊन गेला नाही, उघडेपर्यंत थांबला. संगणक कक्षाची किल्ली मात्र ज्यांच्याकडं होती ते रजेवर होते आणि ती रजा लांबली. शेवटी त्या सीड्या ज्वारीच्या रानात पाखरं उडवायला दोरीला टांगल्या. उन्हात छान चमकायच्या.

याच लिनक्सची दुसरी बाजू पाहा. १९९१ साली पुण्यात सी-डॅकनं परम ८००० हा महासंगणक उभा केला आणि पेपरांची पहिली पानं भरली. त्याच वर्षी हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय, काही फार मोठं नाही, असं चार लोकांना कळवलं. त्याची बातमी झाली नाही. आज जगातल्या अव्वल पाचशे महासंगणकांची यादी काढली तर २०१७ पासून त्यात लिनक्सशिवाय काही सापडत नाही. पाचशेच्या पाचशे महासंगणकांवर लिनक्स सुखानं चालतं. मुरुडच्या दुकानातल्या एका प्रिंटरशी मात्र त्याचं आठवडाभर जमेना.

जमलं ते मराठी. रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीच्या पुण्याच्या कार्यालयातल्या मंडळींनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी लिनक्सच्या पडद्यावरचे मेनू वर्षानुवर्षं बसून मराठीत आणले. २००४ साली लोहित नावाचे भारतीय भाषांचे फाँट खुले झाले. २००७ साली सी-डॅकनं तर देशी लिनक्स काढलं आणि त्याचं नाव ठेवलं बॉस. नाव ठेवतानाच ते सरकारी कार्यालयांसाठी आहे हे स्पष्ट केलेलं बरं, असं कुणाला तरी वाटलं असावं. भाच्यानं उबुंटू घेतलं आणि पहिल्या दिवशी सगळी भाषा मराठी करून टाकली. फोल्डरांची नावं मराठी, महिने मराठी, घड्याळाचे आकडे मराठी. माझा ऊर भरून आला. हे भरून येणं पुढं महागात जाणार होतं.

तर त्या सकाळी दुकानात लाडक्या बहिणी जमल्या होत्या. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची मुदत जवळ आलेली. बाकावर बहिणी, पायरीवर बहिणी, आणि त्यांना सोडायला आलेले, कुठल्याही योजनेत लाडके म्हणून जाहीर न झालेले नवरे व भाऊ बाहेर मोटारसायकलींवर. भाच्यानं लॅपटॉप उघडला. पडद्यावर त्याचं नाव आलं, खाली पासवर्डाचा रकाना आला. त्यानं पासवर्ड टाकला. पडदा काळा झाला, काहीतरी लुकलुकलं, आणि पुन्हा त्याचं नाव आलं, खाली पासवर्डाचा रकाना. पासवर्ड चुकला असता तर यंत्रानं तसं सांगितलं असतं. यंत्राची पासवर्डाबद्दल तक्रार नव्हती. आत घेत होतं आणि काही न बोलता परत बाहेर आणून सोडत होतं. लिनक्सवाले याला लॉगिन लूप म्हणतात आणि जगभर पुष्कळांना तो भेटलेला आहे, पण बाहेर पायरीवर बहिणी बसलेल्या असताना ही माहिती काही धीर देत नाही.

दुकानातला प्रत्येक माणूस तत्काळ तज्ज्ञ झाला.

"बॅटरी काढून पुन्हा घाल," एक भाऊजी दारातून म्हणाले.

"ह्याची बॅटरी आतून बसवलेली आसती."

"मग आतून काढ."

शाळेतले एक जुने क्लार्क दाखल्याच्या झेरॉक्सला आले होते. ते म्हणाले, "सीपीयू गेला." आमच्याकडं टेबलाखालच्या डब्याला सीपीयू म्हणतात, त्यामुळं मी त्यांना म्हटलं की लॅपटॉपला तो डबा नसतो. ते म्हणाले, "तेच तर म्हणायलोय मी. ज्याला सीपीयूच नाही त्यो चालंल कसा?"

"लेकरा, माझा नंबर तिसरा हाय," एक मावशी म्हणाल्या. साठीच्या, हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधार, पासबुक, रेशनकार्ड आणि का कोण जाणे, मालकाचा शाळा सोडल्याचा दाखला.

"तुमच्या त्या लिनेक्सनं आमचे पंधराशे जातेत का काय?" दुसरीनं मूळ मुद्दा काढला.

भाच्यानं पुण्याला हिंजवडीत नोकरीला असलेल्या मित्राला फोन लावला. मित्र म्हणाला, "लॉग पाठव." लिनक्सवाल्या माणसाला तुम्ही काहीही सांगा, घर जळतंय म्हणून सांगा, तो आधी लॉग, म्हणजे यंत्रानं केलेल्या नोंदी, मागतो. लॉग काढायचा तर आत जावं लागतं आणि आत तर जाताच येत नव्हतं.

आता इथं पडद्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. आपल्याला वाटतं, लॅपटॉप म्हणजे पडदा. खिडक्या दिसल्या की यंत्र चालू, नाही दिसल्या की मेलं. लिनक्समध्ये पडदा ही सगळ्यात शेवटी चढणारी मंडळी आहे. तळाशी कर्नल, तो टोरवाल्ड्सचा. त्याच्यावर चित्र काढणारी यंत्रणा: जुनी ती एक्स, अमेरिकेतल्या एमआयटीत १९८४ साली जन्मलेली, १९८७ पासून अकराव्या आवृत्तीवर ठाण मांडून बसलेली, नवी ती वेलँड, २००८ साली सुरू झालेली आणि तेव्हापासून 'आता येतेच आहे' असं ऐकवली गेलेली. त्यावर नाव-पासवर्ड विचारणारा दारवान. त्याच्यावर खिडक्या, मेनू, कोपऱ्यातलं घड्याळ, म्हणजे डेस्कटॉप, आणि तो कुठला घ्यावा यावर १९९६ साली केडीई आणि १९९७ साली ग्नोम सुरू झाल्यापासून एकमत नाही. हे सगळं वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या देशांत बसून केलेलं. त्यातले बरेचसे एकमेकांना भेटलेले नाहीत, आणि भेटले तेव्हा भांडलेले आहेत. एवढ्यावर डेस्कटॉप रोज सकाळी उभा राहतो हेच नवल. पण ते नवल आपण कधी करत नाही.

आणि यांच्यामध्ये कुठंतरी असतो ड्रायव्हर. आमच्या भागातल्या जुन्या माणसाला तो समजायला अवघड नाही. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी रुळांची. लातूरहून तिच्यात बसलेला माणूस कुर्डुवाडीला उतरायचा, कारण तिथून पुढं मुंबईचे रूळ रुंद. पोती उतरवायची, हमालांनी डोक्यावरून इकडच्या डब्यातून तिकडच्या डब्यात टाकायची. लातूरच्या गाडीला मुंबईच्या गाडीची ओळख नाही, मुंबईच्या गाडीला लातूरची पर्वा नाही, सगळा व्यवहार हमालाच्या डोक्यावर. ड्रायव्हर म्हणजे कुर्डुवाडीचा हमाल. कर्नलचं पोतं चित्राच्या चिपपर्यंत नेणारा. त्यात कधी कधी चिप बनवणारी कंपनी आपल्या डब्याची दारं कुठं आहेत हेच सांगत नाही. मग हमालानं चाचपडत शोधायची. याच रागातून टोरवाल्ड्सनं २०१२ साली फिनलंडमध्ये एका भाषणात एनव्हिडिया कंपनीला कॅमेऱ्याकडं बघून मधलं बोट दाखवलं होतं. कंपनीनं २०२२ च्या मे महिन्यात ड्रायव्हरचा कर्नलजवळचा भाग खुला केला. आमच्याकडं एवढ्या स्पष्ट अर्जाचा निकाल दहा वर्षांत लागला तर लोक समाधान मानतात.

त्यामुळं डेस्कटॉप आला नाही की लिनक्सवाला सर्वांत आधी हमालावर संशय घेतो. भाच्यानंही घेतला. यंत्र बंद-चालू केलं, सुरुवातीच्या काळ्या यादीत शिरून 'नोमोडसेट' असा शब्द घातला. त्याचा अर्थ, चित्राच्या चिपचं कौतुक राहू दे, जमेल तसं ढोबळ दाखव. पडदा आला. अक्षरं दुप्पट मोठी, चित्र ठसठशीत, काठ फाटलेले.

"आता कसं दिसायलंय!" तिसऱ्या नंबरच्या मावशी म्हणाल्या. "आसंच ठेव लेकरा. मगाशी मला काईच दिसत नव्हतं."

पासवर्ड टाकला. काळा पडदा, लुकलुक, पुन्हा नाव. मोठ्या अक्षरात. हमाल निर्दोष सुटला.

मग भाच्यानं कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ अशी तीन बटणं एकदम दाबली. सगळं चित्र गेलं. काळ्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आणि पुढं लुकलुकणारी एक रेघ.

"आता तर पारच गेलं की ओ!" बाकावरून एकदम आवाज उठला.

भाच्याचा चेहरा मात्र उजळला. ही काळी खोली लिनक्समध्ये कायम असते, डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला, दार तीन बटणांचं. तिथं चित्र नाही, उंदीर चालत नाही, फक्त टाइप करायचं आणि वाचायचं. त्यानं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पासवर्ड टाकताना तिथं काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत, त्यामुळं बहिणींना तो नुसताच बोटं आपटतोय असं दिसलं. एकीनं दुसरीला खूण केली. पण तो आत गेला. जिथं खिडक्यांना प्रवेश नव्हता तिथं टाइप करणाऱ्याला होता, म्हणजे यंत्र जिवंत होतं, पासवर्ड बरोबर होता, फाइली जाग्यावर होत्या. हे तो मला समजावून सांगत असतानाच त्यानं फाइलींची यादी मागितली आणि पडदाभर चौकोन उमटले. नावांच्या जागी चौकोन. महिन्यांच्या जागी चौकोन.

ती काळी खोली फार जुन्या घडणीची आहे. तिला काना-मात्रा, जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. आम्ही हौसेनं फोल्डरांना मराठी नावं दिली होती, ती तिच्या दृष्टीनं चौकोनांच्या माळा होत्या. आणि तिथं मराठी टाइपही होत नसल्यानं त्या फोल्डरांना नावानं हाक मारायची सोय नव्हती. पुण्यात बसून लोकांनी खपून केलेलं मराठी दारापर्यंत आलं होतं, तळघरात उतरलं नव्हतं. भाच्यानं मुकाट्यानं एक आज्ञा देऊन त्या खोलीपुरती भाषा इंग्रजी केली. मी त्या वेळी पेपरात तोंड घातलं.

पुढची आज्ञा डिस्क किती भरली ते विचारणारी. उत्तर आलं: १०० टक्के.

"शंभर टक्के? मग चांगलंच झालं की," एक बहीण म्हणाली. तिचं पोरगं लातूरला ट्यूशनला आहे, वर्षाला लाखाच्या घरात फी भरते. लातुरात शंभर टक्के ऐकलं की पेढ्याची ऑर्डर जाते.

डिस्क गच्च भरली की डेस्कटॉप का उघडत नाही? आत शिरताना त्याला चार-दोन बारीकसारीक फाइली लिहायच्या असतात, कोण आला, कुठल्या पडद्यावर बसला, अशा. काही बाइट पुरतात. तेवढीही जागा नव्हती. मग तो गुपचूप परत फिरत होता. हे त्यानं पडद्यावर लिहायला हरकत नव्हती, 'जागा नाही' एवढे दोन शब्द. डेस्कटॉप बनवणाऱ्यांनी रंगांच्या छटांवर आणि खिडक्यांच्या गोल कोपऱ्यांवर जो विचार केलाय त्यातला थोडा या दोन शब्दांवर केला असता तर मुरुडच्या बहिणी दुवा देत्या.

आता जागा कोणी खाल्ली? तज्ज्ञमंडळ पुन्हा बसलं.

"लग्नाचे व्हिडिओ आसतेल," क्लार्क म्हणाले आणि भाच्याकडं अर्थपूर्ण पाहिलं.

"आमच्या आधारच्या झेरॉक्सा भरल्या आसतेल त्यात," मावशी म्हणाल्या. "आख्खं गाव येतंय हितं."

भाच्यानं एकेका फोल्डराचं वजन काढत काढत खाली उतरायला सुरुवात केली. लग्न निघालं नाही. आधारकार्डं होती पण किरकोळ भरली. १२० जीबीच्या डिस्कवर सत्तर जीबीच्या वर एकच फाइल निघाली. सिसलॉग. यंत्राची स्वतःची रोजनिशी.

तिचं शेवटचं पान त्यानं उघडलं. पडद्यावर पांढऱ्या ओळी धबधब्यानं उतरायला लागल्या आणि थांबेचनात, कारण रोजनिशी अजून लिहिली जाऊ पाहत होती. सगळ्या ओळी सारख्या. भाच्यानं वाचल्या, पुन्हा वाचल्या आणि खुर्चीत मागं रेलून हसायला लागला. त्या ओळींचा मजकूर थोडक्यात असा: चूक झाली होती, दुरुस्त केली आहे. चूक झाली होती, दुरुस्त केली आहे. चूक झाली होती, दुरुस्त केली आहे.

भानगड ही. लॅपटॉपच्या पोटात वायफायचं कार्ड आणि मुख्य पाटी यांच्यात पीसीआय एक्सप्रेस नावाचा एक रस्ता असतो. त्यावरून जाणारा एखादा तुकडा खराब पोचतो, तो लगेच पुन्हा मागवला जातो, माणसाला काही जाणवत नाही. विशेषतः वीज वाचवायला हा रस्ता डुलकी घेतो आणि दचकून उठतो तेव्हा काही यंत्रांत हे फार होतं. कर्नलला अशा चुका कळवणारी एक व्यवस्था आहे. ती इमानी. प्रत्येक चुकीची वर्गवारी करते, आणि या चुकांच्या पुढं स्वच्छ लिहिते: 'दुरुस्त'. पण लिहिते. सेकंदाला शेकडो वेळा लिहिते. एका ओळीत शंभरेक अक्षरं धरली तरी सत्तर जीबीत सत्तर कोटी ओळी झाल्या. भारतातल्या निम्म्या माणसांना एकेक वाटता आली असती. जुनी पानं आवरायला लिनक्समध्ये एक नोकर आहे, पण तो आठवड्यातून एकदा वही बदलतो. तोवर इकडं घर भरलं. म्हणजे यंत्रात काहीही मोडलेलं नव्हतं. वायफाय चालत होतं, डिस्क उत्तम होती, चित्राची चिप ठणठणीत होती. काही बिघडलेलं नाही हे सांगता सांगता यंत्र बंद पडलं होतं.

मला यात लिनक्सचा सगळा स्वभाव दिसला. विंडोजचा स्वभाव वेगळा. तिथं पूर्वी निळा पडदा यायचा. २०१२ नंतर त्यावर एक उदास चेहरा येऊन 'आम्ही माहिती गोळा करत आहोत' म्हणायला लागला. ती माहिती कुठं गेली हे आजवर मला कुणी सांगितलेलं नाही. २०२५ मध्ये त्यांनीही तो पडदा काळा करून टाकला, त्यामुळं आता लांबून बघणाऱ्याला कुठलं यंत्र पडलंय ते ओळखूही यायचं नाही. लिनक्स काही लपवत नाही. प्रोसेसर थोडा तापला, सांगेल. ब्लूटूथला एक फाइल सापडली नाही, सांगेल. कुठल्याशा चिपच्या निर्मात्यानं २०१४ साली एक कोष्टक चुकीचं भरलं होतं, ते दर सकाळी लाल अक्षरांत सांगेल, आणि ती लाल ओळ निरुपद्रवी आहे हे तुम्हाला दोन रात्री घालवल्यावर कळेल. खरी गोची तिच्या शेजारीच साध्या पांढऱ्या अक्षरांत पडलेली असते. सगळंच सांगणाऱ्या माणसाकडून नेमकं काढून घ्यायला जे कसब लागतं ते भाच्याकडं कुठून आलं, याचा मी विचार केला. दिवसभर त्याच्यासमोर बसून लोक उत्पन्नाचा दाखला काढतात. आजोबांच्या वाटणीपासून सुरुवात करतात आणि वार्षिक उत्पन्न सर्वांत शेवटी, तेही खालच्या आवाजात सांगतात. भाचा तोवर फॉर्मातले बाकीचे रकाने भरून घेतो. लॉग वाचायला वेगळं शिक्षण लागलं नसावं.

"मग आता डिलीट मार की," क्लार्क म्हणाले.

तीही गंमत आहे. लिहिणारा प्रोग्रॅम ती फाइल हातात धरून बसलेला असताना ती नुसती पुसली तर नाव जातं, जागा सुटत नाही. फाइल तिथंच ठेवून आतून रिकामी करावी लागते. भाच्यानं एका ओळीच्या आज्ञेनं ती शून्य केली. सत्तर कोटी ओळी एका क्षणात गेल्या. मला मास्तर म्हणून थोडं वाईट वाटलं. चुकीच्या असल्या तरी कुणीतरी नेमानं लिहिलेल्या होत्या.

आता ती पुन्हा भरू नये म्हणून काय करायचं? हिंजवडीच्या मित्रानं दोन उपाय सांगितले. एक, त्या रस्त्याची वीज वाचवायची डुलकी बंद करायची, म्हणजे चुका कमी होतील, पण बॅटरी लवकर उतरेल. दुसरा, चुका कळवणारी व्यवस्थाच बंद करायची. आमच्याकडं लाइट जाते तेव्हा दुकान बॅटरीवर चालतं. भाच्यानं दुसरा घेतला.

तिसऱ्या नंबरच्या मावशींनी हे सगळं बारकाईनं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "म्हंजी चूक होतच ऱ्हानार. फकस्त सांगायची नाही."

"हां मावशी. तसंच."

"आमच्या सासूनं मला लगीन झाल्यावर पयल्याच दिशी हेच सांगितलतं. तवा कुटं होतं तुजं लिनेक्स?"

यंत्र चालू केलं. नाव आलं, पासवर्ड आला, काळा पडदा आला, आणि मग एकदम सगळं चित्र उलगडलं. मेनू मराठी, घड्याळ मराठी, कोपऱ्यात दमट हवा आणि समुद्रावरचं वारं. बाकावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जे सकाळी नऊला व्हायला पाहिजे होतं ते साडेअकराला झालं, एवढंच त्यांनी त्यात पाहिलं, आणि त्यात काही खोटं नाही. पहिल्या दोघी कंटाळून समोरच्या दुकानात गेल्या होत्या, म्हणून मावशींचा नंबर पहिला आला.

आधार क्रमांक टाकला. मावशींचा ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर आला, तो त्यांनी एकेक आकडा बोट ठेवून वाचला. मग पुढचं पान उघडलं. पतीचा आधार क्रमांक. तोही टाकला.

"आता मालकाचा ओटीपी सांगा."

"मालक हितंच हायती. ते काय, पायरीवर बसलेत."

"मालक नाही मावशी, ओटीपी. त्यांच्या मोबाइलवर आला आसंल."

"त्यांच्या आधारला पोराचा नंबर जोडलाय. पोरगं चाकणला हाय, कंपनीत."

फोन लावला. बंद. मालक पायरीवरून म्हणाले की कंपनीत फोन गेटवरच ठेवून घेतेत, पाळी तीनला सुटते. ओटीपी दहाच मिनिटं चालतो. भाच्यानं माझ्याकडं पाहिलं. यावर काढायला लॉग नव्हता.

"मग तीनपातुर बसते की," मावशी म्हणाल्या. पुढच्या बहिणीला जागा देत त्या बाकाच्या टोकाला सरकल्या. "तवर ते मगाचं लाव की. ते खाली पळत्यात ते पांढरे पांढरे. बघायला बरं वाटायलतं."

"ते आता येत नाहीत मावशी. बंद केलंय."

"यायला लागले की सांग मग," असं म्हणून मावशींनी पिशवीतून मालकाचा शाळा सोडल्याचा दाखला काढला आणि यावर काही होतंय का म्हणून माझ्यापुढं धरला.